किरकोळ दुखण्यांची हजेरी

बाई दुखणं आण्यांत मोजत. सोळा आणे म्हणजे पूर्ण दुखणं, त्यापुढे माणसाला बोलता येत नाही. एक आणा म्हणजे दुखतं आहे की नाही याचा जरा विचार करावा लागतो, तेवढं. "दहापैकी किती दुखते असं डॉक्टर विचारते," त्या म्हणत, "पण दहाचा पाव नीट निघत नाही. सोळाचे निमे आठ, त्याचे निमे चार, मग दोन, मग एक. शाळेतल्या पोट्ट्यालेही समजते." मला हे पहिल्याच दिवशी पटलं. वाटणीला सोळा हा आकडा दहापेक्षा सोयीचा आहे, हे कोणीही मान्य करील.

आम्ही सगळे मूळचे खांद्याचे रोगी. खांदा आखडला की हात वर जात नाही, शर्टाची बाही घालायला दुसऱ्याची मदत लागते, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. इंटरनेटवर एका फिजिओथेरपीच्या बाईंचा व्यायामवर्ग होता. मोबाइल समोर टेकवून ठेवायचा आणि त्या सांगतील तसं भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. कॅमेरा बंद ठेवायची मुभा होती आणि आम्ही सर्वांनी ती घेतली. त्या वर्गातल्या नागपूरकडच्या लोकांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप केला. पुढे वर्ग संपला, खांदे सुटले, ग्रुप मात्र राहिला. तो राहिला तो या दुसऱ्या, आणे मोजणाऱ्या बाईंमुळे. त्या नागपूरच्या कडेला, बेस्याला, चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. कुठल्याशा प्राथमिक शाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या होत्या. कोणत्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

सकाळी नळाचं पाणी भरून झालं की त्यांचा आवाज येई. त्या लिहीत नसत, बोलून पाठवत.

"चला, हजेरी. काटोल!"

नावं त्या वापरत नसत. माणूस जिथे राहतो ते गाव किंवा वस्ती हेच त्याचं नाव. काटोल म्हणजे संत्र्यांचे एक व्यापारी. हिंगणा म्हणजे तिथल्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करणारी बाई. मी प्रतापनगर. आणखी दोघं-तिघं होते, पण ते 'हजर' एवढंच लिहून गप्प राहत. आमच्यातले बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, तरी बाई सगळ्यांना अरे-तुरे करत. "वर्गात सगळे तू," असा त्यांचा खुलासा होता.

एखाद्या सकाळचं संभाषण साधारण असं असे. वाक्यं तंतोतंत नाहीत, पण मतलब हाच.

"हजर बाई. कंबर दोन आणे. ट्रक भरला काल, बस."

"हिंगणा!"

"हजर. टाच सहा आणे. शिफ्टमधी उभं राहून राहून जीव गेला."

"मोजे दोन-दोन घातले होते काय वं?"

"घातले ना."

"मग दोष बुटाचा आहे. दोन आणे टाचेले, चार आणे कंपनीले. प्रतापनगर!"

"हजर. छातीत जळजळ, अडीच आणे."

"अर्धा आणा कुठून आणला गा?"

"अर्ध्या आण्याचं नाणं चलनात होतं, बाई."

"होतं ना. तू जन्माले यायच्या आधी. पुढे हो."

नियम दोन होते. पहिला असा की आठ आण्यांच्या वरचं दुखणं ग्रुपवर आणायचं नाही. "त्याच्यासाठी घरचे असते, दवाखाना असते. इथं फक्त किरकोळ. किरकोळ दुखणं घरी कोणी ऐकत नाही, म्हणून हा वर्ग आहे." हे खरं होतं. माझी जळजळ माझ्या घरी ऐकून झालेली होती, आता ती फक्त सहन केली जात होती. दुसरा नियम, उपाय सांगायचा नाही. एकदा एका सभासदाने माझ्या जळजळीवर ओवा आणि काळ्या मिठाचं काहीतरी लिहून पाठवलं. बाईंनी त्याला ताबडतोब ग्रुपमधून काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं. "वर्गाबाहेर उभा केला होता," त्या म्हणाल्या. "दुखणं आयकाचं असते. उपाय तर मोबाइलही सांगते."

त्यांच्या स्वतःच्या दुखण्यांना मात्र आठ आण्यांची मर्यादा नव्हती. जिभेच्या कडेला फोड आला, चौदा आणे. आंघोळ करताना कानात पाणी गेलं, बारा आणे. उजवा डोळा लवतो आहे, दहा आणे, आणि डोळा लवण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो असाही दावा. त्या आपल्या दुखण्यांविषयी घरी आलेल्या पाहुण्यासारखं बोलत. "काल संध्याकाळी तळपायाले कुरूप आलं. बसलं. मी म्हटलं, बस बाप्पा, आता आलाच आहेस तर."

मला हे खटके. एकाच मापाने जिभेचा फोड चौदा आणि ट्रक भरलेली कंबर दोन, हा हिशेब कुठेच बसत नाही. मी तसं लिहिलं. माप सगळ्यांना सारखं नसेल तर मोजण्यात अर्थ नाही, असं माझं म्हणणं होतं आणि अजूनही आहे.

बाईंनी लांबलचक उत्तर पाठवलं. "माह्या वर्गात रोज एक तरी पोट्टं म्हणे, बाई, पोट दुखते. एक होता, त्याले गणिताच्या तासाले सोळा आणे दुखे. दुसरी एक पोरगी होती. ती तापानं फणफणली तरी म्हणे, काही नाही बाई. दोघाईले एकच फूटपट्टी लावली असती तर ती पोरगी मेली असती. माप ज्याचं त्याचं असते, प्रतापनगर. आपण ते पाठ कराचं असते. अन् खरं दुखते ते पोट्टं पोट नाही धरत. ते बेंच धरते."

मी यावर वाद घातला नाही. पटलं म्हणून नव्हे. त्यांनी तोवर हिंगण्याच्या टाचेचा विषय काढला होता.

भेटायला त्यांची सक्त मनाई होती. आम्ही सगळे तासा-दीड तासाच्या अंतरात राहणारे. एखाद्या रविवारी फुटाळा तलावावर जमू, असं हिंगण्याने सुचवलं तर बाई म्हणाल्या, "भेटलं की माणूस बरा दिसायचा प्रयत्न करते. नवी साडी घालते, केस रंगवते, अन् विचारलं की म्हणते, मजेत. मग मी काय आयकू?" त्यांच्या प्रोफाइलवर बाल्कनीत उलट्या ठेवलेल्या बादलीचा फोटो होता. पुढे त्या गेल्या आणि त्यांच्या पुतणीने ग्रुपवर त्यांचं छायाचित्र टाकलं, तेव्हा बऱ्याच जणांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

मला मात्र त्यांचा आवाज एकदा अचानक भेटला होता. बेस्याच्या चौकात भाजी घेत होतो. पलीकडच्या हातगाडीवर कोणीतरी म्हणालं, "भेंडी मोडून पाहू नको म्हणते, तं मग काय तिची मुलाखत घेऊ?" मी वळलो नाही. नियम होता. पण पाठमोरा उभा राहून दोन मिनिटं ऐकत राहिलो आणि सवयीने माझा हात खांद्यावर गेला असावा. दुसऱ्या दिवशी हजेरीत माझं नाव आलंच नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तुही हजेरी कालच लागली. भाजीच्या गाडीजवळ."

आता काटोलविषयी.

या गृहस्थांना फोटो पाठवायचं वेड होतं. संत्र्यांचा ढीग, संत्र्यावर बसलेली माशी, ताटातली भाकर, नवीन चप्पल, सगळ्याचे फोटो ग्रुपवर येत. दुखणं सांगताना मात्र त्यांची जीभ आखडे. त्यांनी कधी चार आण्यांच्या वर काही सांगितलं नाही, आणि जे सांगत त्याला एखादा विनोद जोडलेला असे. कंबर मोडली पण गिऱ्हाईक नाही मोडलं, अशा धर्तीचा.

संत्र्याचा हंगाम जोरात होता तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्यांचं उत्तर उशिरा आलं. "हजर. पाठ दोन आणे. जबडा एक आणा, दाताचं असेल." दुसऱ्या दिवशी शब्दशः तेच. विनोद नव्हता.

"दात कोणता?" बाईंनी विचारलं.

"सांगता येऊन नाही राहिलं."

"आत्ता काय करून राहिला तू?"

"उभा आहो. लिलाव चालू आहे."

"हात कुठं आहे तुह्या?"

"टेबलावर."

"दोन्ही?"

"हव. टेबल धरून आहो जरा."

यानंतर बाईंचा जो आवाज आला तो आम्ही पूर्वी ऐकलेला नव्हता. त्यात चेष्टा नव्हती. "हजेरी बंद. काटोल, तिथल्या तिथं जो जवळचा दवाखाना असेल तिथं जा. चालत नको जाऊ. कोणाच्या तरी गाडीवर बस अन् आत्ता जा."

"हव बाई," काटोलने लिहिलं. अर्ध्या-पाऊण तासाने आणखी एक ओळ आली. "जाऊन आलो. गॅस म्हणे."

सगळ्यांनी अंगठे दाखवले, हिंगण्याने हात जोडले. मी अंघोळीला चाललो होतो तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी मला तोपर्यंत कधी फोन केला नव्हता.

"प्रतापनगर, तुह्याजवळ चारचाकी आहे ना?"

"आहे."

"खांदा चालते? गिअर पडते?"

"पडतो."

"मग ये. मी चौकात उभी आहो."

"बाई, ते डॉक्टरकडे जाऊन आले. गॅस निघाला."

"फोटो कुठं आहे?"

"कसला फोटो?"

"अरे, तो संत्र्यावरच्या माशीचा फोटो टाकते. डॉक्टरची चिठ्ठी नाही, पाटी नाही, छातीले वायरा लावल्या त्याचा नाही. तो गेलाच नाही गा."

या युक्तिवादात मला चूक सापडली नाही. काटोल आता फोन उचलत नव्हते. त्यांच्या घरचा नंबर आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. दुकानाचं नाव माहीत नव्हतं, बायकोचं नाव माहीत नव्हतं. त्यांची कंबर, पचन, दाढ आणि झोप एवढं मात्र आम्हाला बारकाईने माहीत होतं.

चौकात एक ठेंगणी, किरकोळ अंगाची बाई उभी होती. सुती साडी, पायात पळायचे बूट. "तूच काय?" एवढं म्हणून त्या मागच्या सीटवर बसल्या. "समोर बसलं की बोलावं लागते." काटोलपर्यंतच्या रस्त्यात त्या एकदाच बोलल्या. "आज माह्या वर्गाचं वाटोळं झालं, समज."

"का?"

"भेटलो ना आपण. आता तू मले जळजळ सांगशील काय?"

मी मनात म्हटलं, आत्ता काळजी कशाची करायची आणि या कशाची करताहेत.

बाजारात संत्र्यांचे ढीग, तणस, ओरडा आणि ट्रक. काटोलच्या फोटोंत मागे नेहमी एक निळ्या पत्र्याची शेड दिसे, ती बाईंनी बरोबर हेरली. शेडखाली चार-पाच दांडगे गृहस्थ उभे होते. त्यातला आपला कोणता हे मला कळेना. बाईंनी कळायची वाटच पाहिली नाही. त्या शेडच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि वर्गात मारावी तशी हाक मारली.

"काटोल!"

"हजर बाई," टेबलाशी उभ्या असलेल्या एका धिप्पाड, मिशीवाल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं. मग त्याचा चेहरा बदलला. आजूबाजूचे व्यापारी पाहू लागले. दोन्ही हात टेबलावरच होते. थंडीचे दिवस, आणि शर्टाची कॉलर ओली होती.

"तुम्ही इथं कायले आल्या?"

"तुह्ये दोन आणे पाहाले आली. दवाखान्यात गेला होता?"

"हव. म्हणजे..." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "नाही गेलो. बाई, माल उतरून राहिला. आत्ता हललो तर भाव पडते. संध्याकाळी जातो, तुमची शपथ."

"माह्यी शपथ स्वस्तातली आहे, तिची नको खाऊ. तुह्ये दोन आणे म्हणजे बाकीच्याईचे बारा, हे मले पहिल्या महिन्यातच समजलं. आता माह्या मापानं सांग. किती?"

बोली बोलणाऱ्याचा आवाज चालूच होता. काटोलने एक हात टेबलावरून उचलून खिशाकडे नेला, अर्ध्यातून तो परत टेबलावर आला. मग ते इतकं हळू बोलले की मला ओठांवरूनच समजलं.

"चौदा असतीन."

"चाल," बाई म्हणाल्या. "अन् भावाची काळजी नको करू. पडला तर पडला, तू नको पडू."

मी आणि त्यांच्या एका भागीदाराने धरून त्यांना गाडीत बसवलं. काटोलमधल्याच दवाखान्यात छातीचा आलेख काढला. तो हातात आल्यावर डॉक्टरांनी आमच्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. गोळ्या दिल्या, रुग्णवाहिका बोलावली आणि नागपूरला पाठवलं. त्याच दिवशी त्यांची बंद झालेली रक्तवाहिनी उघडली. संध्याकाळपर्यंत थांबले असते तर काय झालं असतं हे तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला स्पष्ट सांगितलं. त्या वहिनी बाईंच्या पाया पडायला वाकल्या तर बाई दोन पावलं मागे सरकल्या. "अवं, मी त्याची कोणी नाही. मी फक्त हजेरी घेतो."

इथवरची गोष्ट अनेकांना सांगून झाली आहे आणि ती सगळ्यांना आवडते. पुढची मी सहसा सांगत नाही, कारण तीत काही घडत नाही.

काटोल बरे होऊन घरी आले आणि पुन्हा हजेरी सुरू झाली.

"काटोल!"

"हजर बाई. एकदम फर्स्ट क्लास. शून्य आणे. तुमची कृपा."

रोज हेच. पाठ शून्य, कंबर शून्य, झोप उत्तम. त्यांनी बेस्याला संत्र्यांची पेटी पाठवली, मग दुसरी पाठवली. हिंगणाही बदलली. टाचेचं सांगायच्या आधी ती 'बाई, तुम्हाले त्रास तर नाही ना' असं विचारू लागली. एरवी गप्प राहणारे सभासद रोज बाईंना फुलांची चित्रं पाठवू लागले. मी स्वतः जळजळ लिहायचं टाळत असे. ज्या बाईने एका माणसाचा जीव वाचवला तिला पावणेदोन आण्यांचं काय सांगायचं, असं मनात येई. एकूण ग्रुपवर सगळे निरोगी झाले.

बाईंनी मला दुसरा आणि शेवटचा फोन केला तो या दिवसांत. "शून्य आणे तर मेलेल्या माणसाचे असते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मले त्याचे उपकार नको गा. मले त्याची कंबर पाहिजे. घरात बोलाले भिंती आहेत. सकाळी चार जणं कुरकुर करते, मी त्याईले रागावतो, त्याच्यावर माह्या दिवस जाते. आता सगळे पाया पडून राहिले. मी कोणाले रागावू?"

"त्यांना तसं सांगा."

"सांगून कुरकुर करते काय कोणी?"

चार-पाच दिवसांनी हजेरीच्या वेळी दोनच शब्द आले, तेही लिहिलेले. "वर्ग सुटला." दुसऱ्या दिवशी आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं दिवसभराचं बोलणं तेवढंच होतं आणि ते बंद झालं होतं. ग्रुपवर फक्त फुलं येत राहिली.

मी काटोलला फोन केला. मला गोड करून बोलता येत नाही. "तुम्ही बरे आहात हे रोज सांगणं बंद करा," मी म्हटलं.

"मंग काय सांगू? बाईनं जीव वाचवला. तिलेच रडगाणं आयकवू?"

"हो."

"पाप लागन ना हो साहेब."

"पूर्वी दोन आणे खोटे सांगत होता, आता शून्य खोटं सांगता. पाप लागायचं तेवढं लागलेलं आहे."

"बायको बोलावून राहिली," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, माणूस दुखावला. मी फोन ठेवला आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हजेरीची हाक नसताना, ग्रुपवर काटोलचा आवाज आला. सुरुवातीला घसा खाकरणं, मग जरा वेळ नुसता श्वास, आणि मग एकदम धरण फुटल्यासारखं.

"बाई, तुम्ही झोपल्या आहात की मेल्या आहात मले माहीत नाही, पण आयकून घ्या. मले भाजीत मीठ नाही देऊन राहिले. तेल नाही. रविवारी पोहे केले तं माह्या पोह्यावरची तिखट तर्री बंद, अन् घरातले सगळे माह्यासमोर वरपून राहिले. बायकोले काही म्हटलं की म्हणते, बाईले फोन लावू? तुमच्या नावानं मले धमकावून राहिली ती. पोट्टे म्हणते, बाबा, जिना हळू. मले बसवून ठेवलं एका खुर्चीवर, जसा काही देव बसवला. रात्री पाठ टेकली की जिथून नळी टाकली तिथं मनगट ठणकते, ते कोणालेच सांगता येत नाही, कारण जीव वाचला म्हणून सगळे खूश आहे. तुम्ही आल्याच कायले काटोलले? भाव तर भाव पडला, वरून तर्रीही गेली. दिमाग खराब झाला माह्या. पंधरा आणे! घ्या लिहून!"

संदेश बाईंनी ऐकला आहे, हे निळ्या खुणेवरून दिसत होतं. हिंगण्याने मला वेगळा संदेश पाठवला, "आता काय होईन हो?" मी तिला लिहिलं की मला माहीत नाही.

मग बाईंचा आवाज आला. मागे नळ चालू होता आणि तो बंद करायचं त्यांना भान नव्हतं.

"मनगट चार आणे. बाकी सगळे अकरा आणे तर्रीचे आहे, मले शिकवू नको. रड बाप्पा, चांगला रड. पण तर्री नाही मिळणार, मीच तुह्या बायकोले सांगतलं होतं. अन् हिंगणा, तू काहून चूप बसली वं? तुही टाच काय तीर्थाले गेली?"

हिंगण्याने टाच सांगितली. मी जळजळ लिहिली, पावणेदोन आणे. पाव आण्यावरून बाई मला जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.